सार्वजनिक बांधकामे आणि प्रक्रियासुधारणा : धाराशिव जिल्ह्यातील अनुभवाचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

शासकीय बांधकामांस होणाऱ्या विलंबाची चर्चा निघाली की तिचा शेवट बहुधा दोन कारणांपाशी होतो. पहिले कारण निधीची चणचण आणि दुसरे माणसांची निष्क्रियता अथवा अप्रामाणिकता. ही दोन्ही कारणे अस्तित्वात नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु निधी मंजूर आहे, अधिकारी कर्तव्यदक्ष आहेत, ठेकेदारही काम करण्यास उत्सुक आहे, आणि तरीही पाझर तलावाचा सांडवा दोन पावसाळे अपुरा राहतो, अशी स्थिती ग्रामीण भागात अपरिचित नाही. अशा वेळी दोष व्यक्तीत शोधण्यापेक्षा, ज्या क्रमाने काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्रमात शोधणे अधिक फलदायी ठरते. या क्रमास प्रक्रिया म्हणावयाचे, आणि तिचे मोजमाप करून तीत टप्प्याटप्प्याने सुधारणा घडविण्याच्या शास्त्रास प्रक्रियासुधारणेचे शास्त्र म्हणावयाचे. हे शास्त्र कारखान्यात जन्मले. सार्वजनिक बांधकामांस ते कितपत लागू पडते आणि कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विवेचनासाठी धाराशिव जिल्ह्याची निवड सकारण आहे. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेला असून धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी असे त्याचे आठ तालुके आहेत. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या असूनही पावसाचा बेभरवसा आणि वारंवार येणारे अवर्षण हे त्याचे लक्षण होय. त्यामुळे तलाव, बंधारे, रस्ते आणि पाणीपुरवठा योजना यांवर येथील जीवन इतरत्रापेक्षा अधिक अवलंबून आहे. शिवाय गेल्या अर्धशतकात सार्वजनिक कामांचे दोन मोठे प्रयोग या भूमीवर झाले. १९७२-७३ च्या दुष्काळातील कामे आणि त्यांतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना हा पहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरची पुनर्बांधणी हा दुसरा. प्रक्रियेच्या दृष्टीने पाहिल्यास या दोन्ही प्रयोगांतून बरेच शिकता येण्यासारखे आहे.

२. प्रक्रियाविचाराचा उगम

वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये बेल टेलिफोनच्या कारखान्यांतील मालाचा दर्जा तपासताना एक साधा नियंत्रण-आलेख मांडला. कोणत्याही पुनरावृत्त कामात फरक पडणारच. मात्र काही फरक प्रक्रियेच्या अंगभूत रचनेतून येतात आणि काही एखाद्या विशेष कारणामुळे उद्भवतात, हा त्यामागील विचार होता. पहिल्या प्रकारच्या फरकासाठी कामगारास दोष देणे व्यर्थ असते, कारण तो दूर करणे केवळ रचना ठरविणाऱ्याच्याच हाती असते. भारतीय वाचकांस हा विचार परका नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतात आले होते, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढे आपल्या उद्योगांत सांख्यिकी गुणनियंत्रणाचा प्रसार केला.

एडवर्ड्स डेमिंग यांनी हाच विचार जपानमध्ये नेला, तर टोयोटा कंपनीतील ताइची ओनो यांनी त्यास निराळे वळण दिले. ज्या क्रियेने वस्तूच्या उपयुक्ततेत भर पडत नाही ती सर्व व्यर्थ होय, आणि या व्यर्थांत प्रतीक्षा, पुन्हा करावे लागणारे काम व गरजेआधी केलेले काम हे प्रकार प्रमुख होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत ‘सिक्स सिग्मा’ या नावाने फरक कमी करण्याची पद्धत रूढ झाली. बांधकामाच्या क्षेत्रात हा विचार बराच उशिरा आला. फिनलंडचे लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधिकेत बांधकामाकडे केवळ कामांची यादी म्हणून न पाहता एक अखंड प्रवाह म्हणून पाहावे असे सुचविले. ग्लेन बॅलार्ड व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष बांधकामांच्या जागी नोंदी ठेवल्या. आठवड्याच्या आरंभी ठरविलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी कामे आठवडाअखेर पुरी होतात, असे त्यांस आढळले. ही बांधकामे प्रगत देशांतील आणि अनुभवी कंत्राटदारांची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. एका कामाचा प्रवास

एखाद्या गावच्या तीन किलोमीटर रस्त्याच्या सुधारणेचे काम उदाहरणादाखल घेऊ. मागणी येते, जागेची पाहणी होते, कनिष्ठ अभियंता दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार करतो, प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, उघडली जाते, स्वीकारली जाते, करारनामा होऊन कार्यारंभ आदेश दिला जातो. मग प्रत्यक्ष काम सुरू होते. कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, चालू देयक तयार होते, त्याची तपासणी होते आणि रक्कम अदा होते. शेवटी अंतिम देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि दोषदायित्वाचा कालावधी. या साखळीतील प्रत्येक दुव्यास काही ना काही कारण आहे, आणि सार्वजनिक पैशाचे रक्षण हे त्या कारणांपैकी प्रमुख होय.

प्रक्रियेच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न असा की, या एकूण काळापैकी कागदावर अथवा जमिनीवर प्रत्यक्ष काम चालू होते असा काळ किती, आणि कागद नुसता पडून होता असा काळ किती? अंदाजपत्रक तयार करण्यास दोन दिवस लागत असतील, परंतु ते तयार होण्यापूर्वी आणि नंतर प्रतीक्षेत दोन महिने जात असतील, तर अभियंत्यास अधिक वेगाने काम करावयास सांगून फार तर एक दिवस वाचेल. खरी सुधारणा त्या दोन महिन्यांत दडलेली असते.

ही प्रतीक्षा का उत्पन्न होते, याचे तीन उलगडे गणिताच्या साहाय्याने करता येतात.

पहिला उलगडा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा आहे. स्थिरावलेल्या कोणत्याही व्यवस्थेत एका वेळी चालू असलेल्या कामांची संख्या ही काम पुरे होण्याचा वेग आणि प्रत्येक कामास लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, एखाद्या उपविभागात १२० कामे उघडी आहेत आणि दरमहा सरासरी ४ कामे पुरी होतात. तर प्रत्येक कामास सरासरी ३० महिने लागणारच. कोणी कितीही आढावा बैठका घेतल्या तरी हे उत्तर बदलत नाही. ते बदलावयाचे तर पुरे होण्याचा वेग वाढविला पाहिजे, किंवा उघडलेल्या कामांची संख्या कमी केली पाहिजे. दुसरा उपाय लोकप्रतिनिधींस रुचणे कठीण, कारण प्रत्येक गावास आपले काम ‘सुरू झाले’ असे ऐकावयाचे असते. परंतु एकाच पथकाने प्रत्येकी चार महिन्यांची तीन कामे एकामागून एक केली तर ती चौथ्या, आठव्या व बाराव्या महिन्याच्या अखेरीस पुरी होतात. तीच तीन कामे महिन्या-महिन्याने आलटूनपालटून केली तर ती दहाव्या, अकराव्या व बाराव्या महिन्यात संपतात. शेवटच्या गावास या दुसऱ्या मार्गाने काहीही लाभ होत नाही. पहिल्या दोन गावांची मात्र हानी होते.

दुसरा उलगडा कामाच्या भाराचा आहे. कामे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकास लागणारा वेळही कमीअधिक असेल, तर रांगेतील प्रतीक्षा भाराच्या प्रमाणात न वाढता त्याहून पुष्कळ अधिक वेगाने वाढते. रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रतिमानानुसार एखादा अधिकारी आपल्या क्षमतेच्या ८० टक्के व्यग्र असेल तर त्याच्यापुढील कागदास प्रत्यक्ष कामाच्या सरासरी चौपट वेळ थांबावे लागते. ९० टक्क्यांवर नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. रिक्त पदांचा अतिरिक्त कार्यभार एकाच उपअभियंत्याकडे सोपविला जातो तेव्हा वेतनाची बचत दिसते. परंतु त्या बचतीची किंमत गावोगावच्या प्रतीक्षेच्या रूपाने मोजली जाते आणि ती कोणत्याही हिशेबवहीत चढत नाही.

तिसरा उलगडा त्रुटींचा आहे. एखादा प्रस्ताव दहा टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर तो निर्दोष असण्याची शक्यता ९० टक्के आहे असे मानू. हे प्रमाण चांगलेच वाटते. परंतु दहाही टप्पे एकाही आक्षेपाविना पार पडण्याची शक्यता केवळ ३५ टक्के उरते. म्हणजे शंभरांतील पासष्ट प्रस्ताव कोठे ना कोठे त्रुटीपूर्ततेसाठी परत येणार, आणि परत आलेला प्रत्येक प्रस्ताव पुन्हा त्याच रांगेच्या शेवटी उभा राहणार. येथे उपाय तपासणी वाढविण्यात नाही. सातबाऱ्याचा उतारा, जागेचा ताबा, वनविभागाचे अथवा वीजवाहिनीचे अडथळे यांची निश्चिती पहिल्याच टप्प्यावर होईल अशी रचना करणे, म्हणजे त्रुटी जेथे जन्मते तेथेच ती थांबविणे, हा खरा उपाय होय.

फरक कमी करण्याचे महत्त्व प्रत्यक्ष बांधकामातही तितकेच आहे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे एम-२० दर्जाच्या काँक्रीटची लाक्षणिक ताकद प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन असते. म्हणजे शंभर नमुन्यांपैकी पाचांहून अधिक नमुने या मर्यादेखाली जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. त्यासाठी मिश्रणाची योजना २० वर न करता त्याहून वरच्या सरासरीवर करावी लागते. नमुन्यांतील प्रमाण-विचलन ४ असेल तर ही सरासरी २६.६ ठेवावी लागते, विचलन २.५ वर आणले तर २४.१ पुरते. घमेल्यांनी अंदाजे घातलेले पाणी, वाळूतील ओल आणि मिश्रणाचा अनिश्चित वेळ यांवर नियंत्रण आले की कमी सिमेंटमध्ये तीच सुरक्षितता साधते. शिस्तीमुळे खर्च वाढतोच असे नाही, याचा हा उत्तम दाखला होय.

४. ऋतुचक्र आणि आर्थिक वर्ष

कारखान्यास छप्पर असते, तर धाराशिवच्या कामांस आभाळ. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात यंत्र तर सोडाच, बैलगाडीही चालत नाही. मातीकामाचा व रस्त्यांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या आधी संपतो. याच काळात जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर जातात, त्यामुळे मजुरांची उपलब्धता उन्हाळ्याकडे सरकते. दुसरीकडे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि अखर्चित निधी व्यपगत होण्याची टांगती तलवार फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्व देयके एकदम कोषागाराकडे लोटते.

या दोन चक्रांचा मेळ न बसल्यास काय होते, हे सहज समजते. कार्यारंभ आदेश डिसेंबरऐवजी एप्रिलमध्ये निघाला तर विलंब चार महिन्यांचा दिसतो, प्रत्यक्षात मात्र पूर्ण वर्षाचा होतो, कारण मध्ये पावसाळा येतो. अर्धवट राहिलेला बंधाऱ्याचा भराव पहिल्या पुरात वाहून गेला तर झालेले कामही मातीमोल होते. म्हणून या जिल्ह्यात सुधारणेचे पहिले सूत्र असे ठरते की, पावसाळ्याचे चार महिने हे कागदाचे महिने समजावेत. अंदाजपत्रके, मान्यता, जागेचे ताबे आणि निविदा यांचा निपटारा ऑक्टोबरपूर्वी व्हावा, आणि ज्या कामाच्या वाटेतील सर्व अडथळे दूर झाले आहेत तेच काम हंगामात उघडावे. बॅलार्ड यांची पद्धतही हेच सांगते. जे काम करता येण्याजोगे झाले आहे तेवढ्याचेच वचन द्यावे, आणि दिलेली वचने किती पाळली गेली याची दर आठवड्यास नोंद ठेवावी.

५. दुष्काळी कामे व रोजगार हमी

१९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबे खडी फोडण्यावर आणि मातीकामावर जगली. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले.

प्रक्रियेच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत मोलाची कल्पना म्हणजे तयार कामांचा साठा. दुष्काळ पडल्यावर पाहणी, अंदाजपत्रक व मान्यता यांस आरंभ केला तर मजूर तोवर गाव सोडून गेलेला असतो. म्हणून तांत्रिकदृष्ट्या परिपूर्ण अशी कामे तालुकावार आधीच तयार ठेवावीत आणि मागणी येताच त्यांतून काम उघडावे, अशी व्यवस्था करण्यात आली. गरजेआधी केलेल्या कामास ओनो यांनी व्यर्थ म्हटले आहे. परंतु अवर्षणप्रवण प्रदेशात हाच साठा अनिश्चिततेविरुद्धची तटबंदी ठरतो. कोणत्या ठिकाणी साठा व्यर्थ आणि कोणत्या ठिकाणी आवश्यक, हे मागणीच्या स्वरूपावर अवलंबून असते. कारखान्याचे सूत्र जसेच्या तसे उचलल्यास येथे ते घातक ठरले असते.

या योजनेत अडचण उत्पन्न होत असे ती दुसऱ्याच टोकास. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर ठरत असल्याने अभियंत्याने खड्ड्यांचे माप घेतल्याखेरीज हजेरीपटावर रक्कम चढत नाही. शाखा अभियंता एक आणि त्याच्या कक्षेत अनेक गावांची कामे, अशा स्थितीत माप लांबते, मापाबरोबर मजुरी लांबते, आणि मजूर मुकादमाकडून किंवा दुकानदाराकडून उचल घेतो. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही मजुरी १५ दिवसांत देण्याची अट घालण्यात आली. परंतु मुदत ठरविल्याने कोंडी फुटत नाही. कोंडीची जागा मोजमापात असेल तर मोजणाऱ्यांची संख्या वाढविणे, मापाचे ठरावीक वार लावून देणे, अथवा एकाच आकाराचे खड्डे आखून मापच सोपे करणे, हे तिचे उपाय होत. आठवड्याच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घरास या तांत्रिक प्रश्नाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

६. भूकंपोत्तर पुनर्बांधणी : दोन मार्ग

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या परिसरास ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. एवढी प्राणहानी होण्याचे कारण प्रामुख्याने घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या जाड थराचे माळवद, अशी ही घरे. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग आरपार दगडांनी जोडलेले नसल्यामुळे हादऱ्यासरशी ती दुभंगली आणि झोपलेल्या माणसांवर दगडमातीचा ढीग कोसळला.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम राबविला, त्यात दोन अगदी भिन्न प्रक्रिया शेजारीशेजारी चालल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे भूसंपादन, आखणी, ठेकेदारामार्फत वा देणगीदार संस्थांमार्फत बांधणी आणि तयार घरांचे वाटप असा क्रम होता. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांच्या घरांचे तीन प्रकार ठरविण्यात आले होते. याउलट, कमी हानी झालेल्या शेकडो गावांत घरमालकाने स्वतःच दुरुस्ती व मजबुतीकरण करावे, शासनाने हप्त्याहप्त्याने अर्थसाहाय्य द्यावे आणि अभियंत्याने मार्गदर्शन करून टप्प्यांची तपासणी करावी, अशी पद्धत होती.

पहिल्या मार्गाचे बळ एकरूपतेत होते. एकच आराखडा पुनःपुन्हा बांधावयाचा असल्याने नियोजन, साहित्य व तपासणी ही सर्व सुलभ झाली. हजारो सुरक्षित घरे उभी राहिली, हे यश लहान नव्हे. परंतु पुढे झालेल्या अभ्यासांत या गावांविषयी निराळेही काही नोंदले गेले आहे. रुंद रस्ते व चौकटीची आखणी यांमुळे गाव फार पसरले. रस्ते, पाणी व दिवे यांच्या देखभालीचा भार ग्रामपंचायतीस पेलेनासा झाला. जुन्या वाड्यांतील आडोसा, गोठा, कडबा व धान्य ठेवण्याची सोय, भावकीचा शेजार या गोष्टी आराखड्यात नसल्याने लोकांनी घरांत आपल्या परीने फेरबदल केले. प्रक्रिया कार्यक्षम होती. तथापि तिच्या आरंभी ‘घर म्हणजे काय’ या प्रश्नाचे जे उत्तर गृहीत धरले गेले ते राहणाऱ्यांचे नव्हते. चुकीच्या मागणीवर चालविलेली उत्तम प्रक्रिया चूकच अधिक वेगाने व अधिक संख्येने निर्माण करते.

दुसऱ्या मार्गाची अडचण वेगळी होती. भिंतीत आरपार बंध घालणे, काँक्रीटचे पट्टे बसविणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे, खांब व तुळई यांचा सांधा तिरप्या आधाराने पक्का करणे, हे उपाय स्वस्त व शास्त्रशुद्ध होते. पण ज्या दगडी भिंतींनी आप्त गमावले त्याच भिंतींत पुन्हा निजण्यास लोकांचे मन धजेना. अनेकांनी मदतीच्या रकमेतून विटा-सिमेंटची एखादी नवी खोली बांधणे पसंत केले. हप्त्यांची पद्धत स्वीकारली की अभियंत्याची भेट हीच कोंडीची जागा ठरते. ती भेट लांबली तर हप्ता लांबतो. आणि ती नुसती सहीपुरती झाली तर सल्ला पोचत नाही. पैसा व सिमेंट यांची तरतूद असूनही माहितीचा प्रवाह खुंटला तर काम खुंटते, हे येथे स्पष्ट झाले.

या ठिकाणी करण्यात आलेली सुधारणा लक्षणीय आहे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे शासनाने लोकसहभागाचे काम सोपविले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. घरोघर जाऊन नियम समजावणे, कोणाचे काम कोणत्या टप्प्यावर अडले आहे याची नोंद घेणे आणि ती अभियंत्यापुढे व ग्रामसभेपुढे ठेवणे हे त्यांचे काम होते. प्रक्रियेच्या भाषेत सांगावयाचे तर, अभियंत्याच्या मर्यादित वेळेतून जे काम अभियंत्यावाचून होऊ शकते ते काढून घेण्यात आले आणि त्याचा वेळ तांत्रिक निर्णयांसाठी मोकळा झाला. शिवाय, गवंड्याने पट्टा कोठे सोडला हे घरातील बाईस कळू लागल्यावर तपासणी आठवड्यातून एकदा न होता दररोज होऊ लागते. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर घरमालकाच्या हाती बांधणी देण्याचा मार्ग अधिक व्यापक प्रमाणावर अनुसरण्यात आला. त्यामागे या भागातील अनुभवही होता.

७. पद्धतीच्या मर्यादा

प्रक्रियासुधारणेच्या उत्साहात तीन सावधगिरीच्या गोष्टी नजरेआड होऊ नयेत.

पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक तपासणी व्यर्थ नसते. खासगी कारखान्यात मालकाचा पैसा खर्च होतो आणि तोट्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. सार्वजनिक कामात पैसा समाजाचा असतो आणि देखरेख करणारा त्याचा केवळ विश्वस्त असतो. निविदेची मुदत, मोजमाप पुस्तिकेतील सही, लेखापरीक्षण यांमुळे वेळ जातो हे खरे. पण त्यांच्या अभावी काय घडते तेही जनतेने पाहिले आहे. म्हणून छाटावयाची ती प्रतीक्षा, तपासणी नव्हे. एकच गोष्ट तीन मेजांवर तपासली जात असेल तर ती एकाच मेजावर नीट तपासली जावी, आणि तो मेज जबाबदार धरला जावा.

दुसरी गोष्ट आकड्यांविषयीची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षी जिल्हा कार्यक्रमात तत्कालीन उस्मानाबादचा समावेश झाला आणि जिल्ह्यांची प्रगती निर्देशांकांच्या आधारे दरमहा मांडली जाऊ लागली. अशा मोजमापाने लक्ष एकाग्र होते, हा त्याचा लाभ. परंतु ज्या आकड्यावर अधिकाऱ्याची परीक्षा होते तो आकडा सुधारण्याकडे व्यवस्था झुकते, मग वस्तुस्थिती सुधारो अथवा न सुधारो. ‘पूर्ण झालेले बंधारे’ मोजले तर बंधारे पूर्ण होतात. जानेवारीत त्यांत पाणी किती उरते हे मोजले तरच ते उपयोगी पडतात. शूहार्ट यांचा विवेकही येथे हवा. एका महिन्यात क्रमांक दोनने घसरला म्हणून कारणे दाखवा नोटीस काढणे म्हणजे अंगभूत चढउतारास विशेष कारण समजण्याची चूक होय.

तिसरी गोष्ट न्यायाची. सर्वांत जलद पुरी होणारी कामे निवडली तर सरासरी काळ कमी होतो. परंतु मग डांबरी सडकेलगतच्या गावांची कामे पुढे सरकतात आणि डोंगरावरील तांडे व वस्त्या मागे पडतात. सरासरीबरोबर सर्वाधिक काळ थांबलेल्या कामाचीही नोंद ठेवली नाही, तर सुधारणेचे श्रेय काहींस आणि तिची किंमत इतरांस अशी वाटणी होते.

८. अभ्यासाची दिशा

या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास महागडी साधने लागत नाहीत. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करीत आहेत, आणि बांधकाम, लघुपाटबंधारे व पाणीपुरवठा या विभागांच्या नोंदवह्यांत प्रत्येक टप्प्याची तारीख लिहिलेली असते. एका तालुक्यातील एकाच प्रकारची पन्नास-साठ पुरी झालेली कामे घ्यावीत. मागणी, मान्यता, कार्यारंभ आदेश, प्रत्येक मोजमाप, प्रत्येक देयक व पूर्णत्व यांच्या तारखा एका तक्त्यात मांडाव्यात. आणि प्रत्येक टप्प्यातील सरासरी व विचलन काढावे. कोंडीची जागा बहुधा या तक्त्यातच दिसून येईल. त्यानंतर एखाद्या उपविभागाच्या संमतीने एकच लहान बदल एका हंगामापुरता करून पाहावा आणि पूर्वीच्या नोंदींशी त्याची तुलना करावी. अनेक बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे सांगता येत नाही. तुलनेसाठी पर्जन्यमानाची नोंद जोडण्यास मात्र विसरू नये, कारण कमी पावसाच्या वर्षी मातीकामाचा हंगाम लांबतो आणि सुधारणा न होताच सुधारल्याचा भास होतो.

तक्त्याबरोबर गावातील माणसांशी बोलणेही तितकेच आवश्यक आहे. नोंदवहीत ‘पूर्ण’ असा शेरा असलेल्या तलावाचे पाणी कोणाच्या शेतास मिळते, नळयोजनेच्या तोट्या उन्हाळ्यात चालू असतात काय, नव्या वसाहतीतील घर वापरात आहे की कुलूपबंद, यांची उत्तरे वहीत नसतात. सास्तूरच्या परिसरातील अनुभव हेच दर्शवितो की, प्रक्रियेचा आरंभ आणि तिचा शेवट ही दोन्ही टोके कार्यालयाबाहेर, त्या कामावर ज्यांचे जीवन अवलंबून आहे त्यांच्यापाशी असतात. या दोन टोकांमधील मार्ग लहान, मोकळा आणि तरीही सर्वांच्या नजरेखाली राहील असा करणे, एवढेच या शास्त्राचे प्रयोजन होय.